नमुना न बघता विणलेला क्रोशा : पार्श्वभूमी

बडोद्यातल्या मराठी घरांत क्रोशा म्हटला की दारावरचं तोरण, चौरंगावरचा रुमाल आणि रुखवतात मांडायच्या वस्तू आठवतात. या सगळ्यामागे असते ती मोजणी. सहा साखळ्या घालून गोल जोडायचा, त्यात बारा खांब, म्हणजे उभे टाके, पुढच्या ओळीत चोवीस. एक खांब चुकला की उसवणं आलंच. फ्रीफॉर्म, म्हणजे मुक्त क्रोशात ही मोजणी नसते. आलेख नाही, ओळींचा हिशेब नाही, आधी ठरवलेला आकारही नाही. त्यामुळे जुन्या जाणत्या बायकांना ते वेडंवाकडं काम वाटतं आणि नव्यांना परदेशातून आलेली टूम. मला दोन्ही मतं पटत नाहीत, कारण या कामाची मुळं बरीच खोल आहेत आणि त्यातली दोन थेट गुजरातच्या मातीत आहेत.

ही मोकळीक क्रोशालाच का मिळाली, हे आधी पाहू. दोन सुयांच्या विणकामात अख्ख्या ओळीचे टाके सुईवर असतात, त्यामुळे ओळ सोडून भलतीकडे वळणं अवघड. क्रोशात एका वेळी सुईवर एकच फास असतो. तो हातात असला की पुढचा टाका कुठेही घालता येतो: ओळीच्या कडेत, आधीच्या खांबाच्या दांड्यात किंवा विणलेल्या भागाच्या पाठीवर उभा.

या सुईची पूर्वज म्हणून अनेक अभ्यासक आरीकडे, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या टोच्याकडे, बोट दाखवतात. कच्छ-सौराष्ट्रातले मोची चामड्यावर चालणाऱ्या आरीनं कापडावर साखळी टाक्याचं भरतकाम करत. सतराव्या-अठराव्या शतकात असं गुजराती भरतकाम खंभातच्या बाजूनं युरोपात जात असे. अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये गोल चौकटीवर कापड ताणून आकड्याच्या सुईनं भरण्याची पद्धत रुजली, तीही पूर्वेकडून आलेली. पुढे कुणीतरी खालचं कापडच काढून टाकलं आणि साखळी हवेत विणली, तोच क्रोशा, असं मानणारा मोठा मतप्रवाह आहे. एवढ्यानं क्रोशा आपला ठरत नाही, पण आकड्यानं फास ओढण्याचं कसब इथे जुनं आहे, हे नक्की.

छापील नमुना मात्र जेमतेम दोनशे वर्षांचा. 1823 च्या सुमारास पेनेलोपे या डच मासिकात क्रोशाच्या बटव्यांचे नमुने छापले गेले आणि 1840 च्या दशकात इंग्लंडमध्ये नमुन्यांच्या पुस्तकांची लाट आली.

त्याच दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. 1845 पासून दुष्काळ लागला आणि घरोघरच्या बायकांनी पोटासाठी क्रोशाची लेस विणायला घेतली. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी 1847 मध्ये कॅसँड्रा हँड यांनी हे काम शिकवायची सोय केली. मुक्त क्रोशाचं व्याकरण मला इथेच सापडतं. ही लेस सलग विणत नसत. गुलाब, पानं, द्राक्षांचे घोस असे नग सुटे विणायचे. कडेला जाड दोरा घालून त्यावर टाके घेतले की पाकळीला उठाव येई. मग कापडावर कपड्याचा आकार आखून हे नग त्यावर उलटे टाचायचे आणि मधल्या मोकळ्या जागा जाळीनं भरून काढायच्या. त्या जाळीला ठरावीक मोजणी असणार कशी? दोन नगांमधलं अंतर जसं असेल तशी ती वळे. कुठे तीन साखळ्या, कुठे पाच, मध्ये क्लोन्सची गाठ. हा निर्णय बोटांना जागेवरच घ्यावा लागे.

1970 च्या दशकात इंग्लंडमध्ये सिल्व्हिया कॉश आणि जेम्स वॉल्टर्स यांनी हीच रीत रंगीत लोकरीत आणली. छोटे छोटे तुकडे दिशा बदलत विणायचे आणि मग एकमेकांना जोडायचे, याला स्क्रम्बलिंग हे नाव त्यांच्या कामातून रूढ झालं. पुढे ऑस्ट्रेलियात प्रुडन्स मॅपस्टोन यांच्यासारख्यांनी ते घराघरांत नेलं. या कामाची खूण म्हणजे बुलियन टाका. सुईवर आठ-दहा वेढे घ्यायचे आणि फास त्या सगळ्यांतून एकदम ओढायचा. वेढे घट्ट असतील तर सुई अडते, सैल असतील तर जळमटासारखे लोंबतात. हा अंदाज हाताला यावा लागतो, तो लिहून देता येत नाही.

याच काळात आणि त्याआधी आपल्या बडोद्यात काय चाललं होतं, हे इथल्या विणणाऱ्यांनी जरूर जाणून घ्यावं. महाराणी चिमणाबाईंनी 1914 मध्ये स्त्री उद्योगालय काढलं आणि बायकांच्या हातकामाला कमाईची वाट दिली. 1950 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा उभी राहिली. तिथे शिकवणारे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी कारागिरी आणि कला यांच्यातली भिंत मानलीच नाही. त्यांच्या विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दोर हाती घेतला. सण आणि ताग या वनस्पतींच्या धाग्यांचा दोर रंगवून त्या हातानं गाठी मारत आणि माणसापेक्षाही मोठी शिल्पं उभी करत. आधी रेखाटन नाही, माग नाही. गाठीवर गाठ चढेल तसा आकार ठरत जाई. 1984 ची त्यांची ‘यक्षी’ अशीच दोरातून उभी राहिली. त्यांचं निधन 2015 मध्ये झालं आणि 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. ते गाठकाम होतं, क्रोशा नव्हे. तरीही नमुन्याशिवाय काम करण्याची शिस्त पाहायची असेल तर बडोदेकरांना लांब जायची गरज नाही. त्यांच्या शिल्पांत एकच गाठ हजारो वेळा येते, म्हणून तर एवढा मोठा आकार तोल धरतो. मुक्त क्रोशातही टाके मोजके आणि पक्के लागतात. ज्या हाताला मुका खांब (आखूड टाका) आणि खांब सारख्या ताणानं येत नाहीत, त्याचा तुकडा मोकळा दिसत नाही, नुसता गबाळा दिसतो.

मोजणी सुटली तरी गणित सुटत नाही. टाके वाढवत नेले की कड झालरीसारखी लहरते, कमी केले की वाटी होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या डाइना टायमिना यांनी 1997 मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत हायपरबोलिक भूमितीतला, म्हणजे सगळीकडे झालरीसारखा लहरत जाणारा पृष्ठभागच क्रोशानं विणून दाखवला. त्यावरून 2005 मध्ये मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी विणलेल्या प्रवाळाचा प्रकल्प सुरू केला.

आपल्याकडे ही रीत आणताना अडचण येते ती हवेची. इंग्लंडमध्ये जाड-बारीक, केसाळ अशा नाना लोकरी एकत्र करत. केसाळ लोकरीत सांधे झाकले जातात. बडोद्याचा हिवाळा चार दिवसांचा, म्हणून सुती दोरा हवा, आणि सुती दोऱ्यात प्रत्येक खांब उघडा पडतो. शिवाय सुताचं वजन जास्त, त्यामुळे तुकड्याला तुकडा खेटून जोडलेला कुडता खांद्यावरून ओघळतो. अशा वेळी क्लोन्सची जुनी पद्धत धरावी. नग कमी ठेवावेत, कापडावर उलटे टाचावेत आणि मधली जागा बारीक दोऱ्याच्या जाळीनं भरावी. कपडा हलका राहतो आणि उन्हाळ्यात अंगाला वाराही लागतो.