मध्यवस्तीतील उद्यान आणि समाजभवनाचा पुनर्विकास : खान्देशातील पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, भुसावळ किंवा नंदुरबार या शहरांत मध्यवस्तीतील जुने उद्यान आणि त्याला लागून असलेले सभागृह, व्यायामशाळा किंवा वाचनालय नव्याने उभारण्याचा विषय निघाला, की चर्चा बहुधा संकल्पचित्रापासून सुरू होते. कारंजे कुठे असेल, जॉगिंग ट्रॅक किती लांब होईल, सभागृहात किती खुर्च्या बसतील, हे प्रश्न पुढे येतात. ही जागा मुळात सार्वजनिक कशी झाली, तिचा खर्च आजवर कोणी उचलला आणि ती मोडकळीला का आली, हे प्रश्न मागे राहतात. खान्देशातील अशा जागांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : ज्या संस्थांच्या मागे वापरणाऱ्यांची नियमित वर्गणी किंवा कायद्याने ठरलेला वार्षिक निधी होता, त्या टिकल्या, ज्या केवळ एकरकमी बांधकाम निधीवर उभ्या राहिल्या, त्यांना काही वर्षांतच पुन्हा नूतनीकरणाची गरज भासली. आजच्या पुनर्विकासाच्या प्रस्तावांकडे याच दृष्टीने पाहायला हवे, असे माझे मत आहे.

नगरपालिकेची बाग येण्यापूर्वी खान्देशात करमणुकीला ठरावीक जागा नव्हती, ठरावीक वेळ होती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी कडुनिंबाच्या किंवा वडाच्या फांदीला झोके बांधत आणि गौराईची गाणी म्हणत. वैशाखाच्या उन्हात त्या झाडाची सावली हीच त्या दिवसांची बाग असे. यात्रेत कुस्त्यांची दंगल भरे. जळगावात 1872 पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो आणि त्या दिवशी जुन्या गावाचे रस्तेच सार्वजनिक मैदान होतात. तालमी गल्लीच्या किंवा पंचांच्या असत आणि त्यांचा खर्च वर्गणीतून चाले. या सर्व व्यवस्थेत स्त्रियांना वर्षातून मोजके दिवस मिळत आणि तालमीत तर प्रवेशच नसे, हेही नोंदवले पाहिजे, कारण सार्वजनिक उद्यानाने जो खरा बदल घडवला तो इथेच.

1818 मध्ये खान्देश ब्रिटिशांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने 1819 मध्ये धुळ्याला मुख्यालय केले. त्याने जुन्या वस्तीच्या बाजूला रुंद, सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. धुळ्याच्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहिल्या की या आखणीचा वारसा लक्षात येतो. पुढे धुळ्यात 1862 मध्ये आणि जळगावात 1864 मध्ये नगरपालिका आल्या. आरंभीच्या नगरपालिकांपुढे पाणी, दिवाबत्ती, झाडलोट आणि साथीचे रोग ही कामे होती. मोकळी जागा राखायची ती बाजारासाठी, गाड्या सोडण्यासाठी किंवा सरकारी कचेरीच्या आवारासाठी. रमतगमत बसण्याची जागा ही कल्पना त्यानंतरची आहे.

समाजभवनाचा पहिला अवतार खान्देशात वाचनालयाच्या रूपाने दिसतो. जळगावचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय 1877 पासून चालत आले आहे. सभासदांची वर्गणी, देणगीदारांची मदत आणि नंतर सरकारी अनुदान, असा त्याचा आर्थिक पाया राहिला. वर्तमानपत्र वाचायला येणारा माणूस तिथे थांबतो, बोलतो, व्याख्यान ऐकतो. म्हणून वाचनालय हे केवळ पुस्तकांचे कोठार न राहता गावाच्या एकत्र येण्याचे ठिकाण झाले.

दुसरा अवतार रेल्वेने आणला आणि तो सर्वांत शिकण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे तापीच्या खोऱ्यात आली आणि भुसावळ हे इंजिनांचे, कारखान्यांचे आणि रेल्वे वसाहतींचे शहर झाले. रेल्वे वसाहतीत इन्स्टिट्यूट असे. सभागृह, वाचनकक्ष, बॅडमिंटन, बिलियर्ड्स, बाहेर खेळाचे मैदान अशी त्याची रचना. ब्रिटिश काळात त्यात वंशभेद उघड होता आणि युरोपीय व अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांसाठीच्या जागा वेगळ्या असत. स्वातंत्र्यानंतर त्या सर्व कर्मचाऱ्यांच्या झाल्या. महत्त्वाचे म्हणजे इन्स्टिट्यूट सभासदांच्या वर्गणीवर आणि कर्मचारी हित निधीच्या अनुदानावर चालते, आणि तिची कार्यकारिणी सभासदांतून निवडली जाते. दिवा बंद पडला, जाळी फाटली, तर कोणाला विचारायचे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

तिसरा अवतार गिरण्यांचा. जळगावची खान्देश मिल, अमळनेर आणि धुळ्याच्या प्रताप मिल, चाळीसगावची गिरणी यांमुळे या शहरांत कामगारवस्ती वाढली. 1953 मध्ये मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम झाला आणि त्यातून कामगार कल्याण मंडळ अस्तित्वात आले. मंडळाच्या कल्याण केंद्रांत शिशुमंदिर, शिवणवर्ग, ग्रंथालय, कॅरम, व्यायामशाळा आणि नाट्यस्पर्धा असत. खान्देशातल्या कामगार कुटुंबांतील अनेक स्त्रियांसाठी घराबाहेर रोज जाता येईल अशी पहिली जागा ही शिवणवर्गाची खोली होती. इथेही निधीची सोय कायद्यातच होती : कामगार आणि मालक दोघांनी दर सहा महिन्यांनी ठरलेली वर्गणी भरायची. गिरण्या बंद पडल्यावर हे वर्गणीदार पांगले आणि ज्या वस्त्यांसाठी केंद्रे सुरू झाली होती, त्यांना पर्याय म्हणून नगरपालिकेच्या बागेकडे वळावे लागले.

नगरपालिकेची बाग स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बहरली. हिरवळ, मेंदीचे कुंपण, घसरगुंडी, मध्यभागी राष्ट्रपुरुषाचा पुतळा, आणि बागेचा माळी ही पालिकेच्या आस्थापनेवरची कायम नेमणूक. जळगावचे महात्मा गांधी उद्यान किंवा बालगंधर्व खुले नाट्यगृह ही नावे त्या शहराच्या दोन-तीन पिढ्यांच्या बोलण्यात सहज येतात. मात्र कायद्याच्या भाषेत बागेचे स्थान पहिल्यापासून दुय्यम होते. 1949 च्या महापालिका अधिनियमात आणि 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कर्तव्यांचे दोन भाग आहेत. पाणी, गटारे, दिवाबत्ती, सफाई ही बंधनकारक. उद्याने, क्रीडांगणे, नाट्यगृहे ही स्वेच्छाधीन. पैसा कमी पडला की कात्री कुठे लागणार, हे या विभागणीनेच ठरवून ठेवले. 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे यांचा समावेश केला, पण त्यासोबत स्वतंत्र महसूल दिला नाही.

पैसा कमी पडण्याचा काळ नव्वदच्या दशकात आला. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. हातात रोज येणारे स्वतःचे उत्पन्न गेले आणि मंजुरीची वाट पाहणे आले. 2003 मध्ये जळगाव आणि धुळे या महापालिका झाल्या. हद्दीबरोबर जबाबदाऱ्याही वाढल्या. जळगावच्या बाबतीत हुडको या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण वित्तसंस्थेच्या कर्जाचा बोजा अनेक वर्षे अंदाजपत्रकावर राहिला. निवृत्त माळ्याची जागा न भरणे, पंप नादुरुस्त राहणे, कुंपण तुटल्यावर आवारात वाहने उभी राहणे, या लहान लहान गोष्टींतून बाग संपते. कोणा एका व्यक्तीने ती बिघडवली असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच तिची दुरुस्ती कोणाच्याही कामाच्या यादीत वर येत नाही.

त्यानंतरचा पैसा योजनांतून आला. 25 जून 2015 रोजी सुरू झालेल्या अमृत या केंद्र सरकारच्या शहरविकास अभियानात 1 लाखाहून अधिक लोकसंख्येची शहरे घेतली गेली. खान्देशातून जळगाव, धुळे, भुसावळ आणि नंदुरबार त्यात आली. चाळीसगाव आणि अमळनेर 2011 च्या जनगणनेत 1 लाखाच्या किंचित खाली राहिल्याने बाहेर राहिली. या अभियानात हरित क्षेत्र आणि उद्यानांसाठी कमाल 2.5 टक्के रक्कम होती आणि देखभालीसाठी स्थानिक लोकसहभागाची व्यवस्था उभी करावी, अशी अपेक्षा होती. ही अपेक्षा योग्यच होती. तिला बळ देणारी वर्गणी, समिती किंवा अंदाजपत्रकातील कायम तरतूद उभी करणे हे काम मात्र पालिकेवर सोडले होते. जळगावात दुसरा एक मार्गही दिसतो : महात्मा गांधी उद्यान आणि भाऊंचे उद्यान या पालिकेच्या जागांचा विकास आणि सांभाळ जैन उद्योगसमूहाशी संबंधित सेवाभावी संस्थेने केला. झाडांना नियमित पाणी आणि दारावर माणूस असला, तर लोक किती मोठ्या संख्येने येतात, हे तिथे रोज संध्याकाळी दिसते. तरीही प्रत्येक प्रभागाला असा पालक मिळणार नाही, हे गृहीत धरूनच सार्वजनिक व्यवस्था आखावी लागते.

पुनर्विकासात सर्वांत नाजूक मुद्दा असतो तो उत्पन्नासाठी गाळे किंवा वाहनतळ बांधण्याचा. मध्यवस्तीतील जमीन महाग असल्याने हा मोह प्रत्येक शहराला होतो. याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पायाभूत आहेत. 1991 मध्ये बंगळूरच्या प्रकरणात, उद्यानासाठी राखीव जागा खासगी रुग्णालयाला देता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. 1999 मध्ये लखनौच्या अमीनाबाद या गजबजलेल्या बाजारपेठेतील झंडेवाला उद्यानाखाली बांधले जात असलेले भूमिगत व्यापारी संकुल पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. बांधकामावर मोठा खर्च होऊन गेला आहे, ही सबब तिथे मान्य झाली नाही. महाराष्ट्रात 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात जागेवर कोणते आरक्षण आहे, हे आधी पाहावे लागते, आणि ते बदलायचे तर हरकती व सूचना मागवून शासनाची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून संकल्पचित्राआधी आराखड्याचा नकाशा आणि मिळकत पत्रिका नागरिकांसमोर ठेवणे ही पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी इथल्या हवामानाची. जळगाव आणि भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. म्हणजे उद्यानाचा खरा वापर पहाटे आणि सूर्यास्तानंतर होतो. त्यामुळे फाटकाची वेळ, दिवे, स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी यांचे महत्त्व कारंज्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. सूर्यास्तानंतर अंधार असलेल्या बागेतून स्त्रिया आणि मुली सर्वांत आधी कमी होतात. तापी खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पुरेसा मुरूम न भरता बसवलेले पेव्हर ब्लॉक एक-दोन पावसाळ्यांत वरखाली होतात आणि ज्येष्ठ नागरिकांना चालणे अवघड होते. पाण्याचे गणितही वेगळे आहे. जळगाव वाघूर धरणावर आणि धुळे बऱ्याच अंशी तापीच्या पाण्यावर अवलंबून असताना, घरोघरी रोज नळ येत नाही तिथे विलायती हिरवळीला पिण्याचे पाणी घालणे कोणालाही पटवून देता येत नाही. कडुनिंब, करंज, चिंच, शिरीष ही इथली झाडे कमी पाण्यावर सावली देतात आणि ठिबक सिंचनाची विद्या तर जळगाव जिल्ह्यानेच देशभर पोचवली आहे.

जुन्या उद्यानातील झाडांबाबत कायदा आता अधिक कडक आहे. 1975 च्या नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण अधिनियमात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. मध्यवस्तीतील उद्यानांत साठ-सत्तर वर्षांचे कडुनिंब आणि वड सहज आढळतात. त्यामुळे समाजभवनाची नवी इमारत कुठे बसवायची, हे ठरवण्याआधी प्रत्येक झाडाचे वय आणि घेर नोंदवून वृक्षगणना पूर्ण करणे आवश्यक आहे. आणि प्राकलनात, म्हणजे खर्चाच्या अंदाजात, बांधकामाच्या रकमेशेजारी किमान पुढील 10 वर्षांचा माळी, वीज, पाणी आणि पहारेकरी यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार, हे महासभेच्या ठरावातच लिहिले गेले पाहिजे.