यूटीव्ही चालवताना आणि जपताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कार चालवता येते म्हणजे यूटीव्हीही (युटिलिटी टेरेन व्हेईकल) येणारच, असे गाडी ताब्यात घेताना बहुतेकांना वाटते. ट्रॅक्टरवर हात बसलेल्यांना तर शंकाही येत नाही. स्टीअरिंग तसेच, पेडलही तशीच, त्यामुळे असे वाटणे साहजिक आहे. पण शेजारी शेजारी बसायची, मागे हौदा असलेली ही आडवाटेची गाडी ना कार आहे, ना छोटा ट्रॅक्टर. त्या दोन्हींवर लागलेल्या काही चांगल्या सवयीच इथे अंगाशी येतात. पुढची माहिती मुख्यतः त्या सवयींसाठी आहे. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेतलाच खरा.

गाडी कलंडते कशी

खडकांवरून पोट न घासता जाता यावे म्हणून ही गाडी उंच असते आणि अरुंद वाटेत मावावी म्हणून कमी रुंदीची. उंच आणि अरुंद वस्तू आडवी पडायला फार जोर लागत नाही. ती फक्त डोंगरउतारावरच उलटते असे नाही. सपाट माळावर वेगात असताना स्टीअरिंग झटक्यात फिरवले, तरी वळणाच्या आतल्या बाजूची चाके उचलली जातात. वळणाआधी वेग कमी करा, वळताना नव्हे.

गाडी कलू लागली की माणूस नकळत हात किंवा पाय बाहेर टाकतो. सगळ्यात वाईट इजा यातूनच होतात, कारण पडणाऱ्या गाडीच्या रोल केजचा, म्हणजे सीटभोवतीच्या पाइपांच्या सांगाड्याचा, पाइप आणि जमीन यांच्यामध्ये नेमका तोच हात किंवा पाय सापडतो. रोल केज तुम्हाला वाचवते ती तुम्ही तिच्या आत असाल तरच. म्हणून सीटबेल्ट लावा, दार किंवा बाजूची जाळी अडकवा आणि डोक्यावर हेल्मेट असू द्या. बेल्टचा कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. शेजारच्याने समोरचा किंवा सीटजवळचा दांडा धरावा, केजचा पाइप कधीही धरू नये. पाइपला वेढलेली बोटे केजच्या बाहेर असतात.

पाठ सीटला टेकलेली असताना ज्याचे पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत आणि हात दांड्यापर्यंत पोहोचत नाही, ते मूल या गाडीत बसण्याइतके मोठे झालेले नाही. मोठ्या यूटीव्हीच्या चालकासाठी बहुतेक उत्पादक किमान १६ वर्षे वय सांगतात. हौद्यात माणूस बसवायचाच नाही, अगदी फाटकापर्यंत जायचे असले तरी.

केजला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. दिवा किंवा छत बसवायचे असेल तर क्लॅम्प वापरा. गाडी एकदा उलटली की केज वरून सरळ दिसली तरी बदला. आतून ताण बसलेला पाइप दुसऱ्यांदा तेवढा भार घेईलच असे नाही.

चढ, उतार आणि ओझे

चढ सरळ चढायचा, उतार सरळ उतरायचा. आडवे जाणे शक्य तेवढे टाळा. बऱ्याच पुस्तिकांत चढ-उतारासाठी १५ अंश ही मर्यादा दिलेली असते, म्हणजे चार मीटर पुढे जाताना साधारण एक मीटर उंची. चढावर इंजिन बंद पडले तर ब्रेक धरा, रिव्हर्स टाका आणि ब्रेक हळूहळू सोडत आलात त्याच रेषेत मागे या. मध्येच वळवून तोंड खाली करण्याच्या मोहात पडू नका. गाडी आडवी झाली की ती कलंडण्याच्या सगळ्यात सोप्या स्थितीत असते. आडवी जाताना घसरू लागली किंवा कलतेय असे वाटले, तर स्टीअरिंग उताराच्या दिशेने वळवा.

वजनाची मर्यादा मोजताना चालक, शेजारचा माणूस, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी), छत, हौद्यातले सामान हे सगळे धरायचे. हौद्यात जड वस्तू खाली, पुढच्या भिंतीला लागून आणि पट्ट्यांनी आवळलेली हवी. अर्धवट भरलेल्या टाकीपासून विशेष सांभाळा. फवारणीच्या टाकीतले पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि ते नेमके कलंडण्याच्या बाजूला जाते. काही ओढायचे असेल तर फक्त हिचला (मागच्या ओढायच्या जोडाला) जोडा. केजला किंवा हौद्याला दोर बांधून ओढले तर ओढ चाकांच्या आसापेक्षा वरून लागते आणि गाडीचे पुढचे तोंड उचलले जाऊ शकते.

आता थांबण्याची गोष्ट. कार उतारावर उभी करताना आपण ती गियरमध्ये ठेवतो. बहुतेक यूटीव्हींमध्ये इंजिन बंद झाले की इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या रबरी ड्राइव्ह बेल्टवरची पकड सुटते आणि चाके मोकळी होतात, मग गियर टाकलेला असला तरी गाडी घरंगळते. क्रम असा ठेवा: पायाने ब्रेक, गियरमध्ये ‘पी’ (पार्किंग) असेल तर पी, मग हँडब्रेक, मग इंजिन बंद, किल्ली खिशात. उतारच असेल तर चाकाला दगड लावा. हीच पकड काही मॉडेलांत तीव्र उतारावर वेग फार कमी झाला की चालता चालताही सुटते आणि गाडी एकदम हलकी होऊन धावते. म्हणून उतार ‘लो’मध्ये (कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गियरमध्ये) उतरा, पाय ब्रेकवर तयार ठेवा आणि न्यूट्रल कधीही टाकू नका.

ड्राइव्ह बेल्ट

बेल्ट जळाला तर तो बेल्टचा दोष क्वचितच असतो. इंजिनकडची पुली वेग वाढला की आवळत जाते आणि रबरी बेल्टला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरते. वेग कमी असताना ही चिमटी सैल असते. अशा वेळी ‘हाय’मध्ये (जास्त वेगाच्या गियरमध्ये) ओझे घेऊन रांगत गेलात, तर बेल्ट पुलीत घसरतो, तापतो आणि त्याच्या कडा काचेसारख्या चकाकू लागतात. चिखलात चाके अडकलेली असताना ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर त्याहून वाईट होते: बेल्ट जागचा हलत नाही, पुली मात्र फिरत राहते आणि एकाच ठिकाणी रबर खाऊन टाकते. मग गाडी सुटताना धप-धप असा ठोका ऐकू येतो. तो बेल्ट पुन्हा नीट होत नाही.

साधारण ताशी १५ किलोमीटरच्या आत चालायचे असेल, ओझे असेल, ट्रेलर असेल, चिखल किंवा चढ असेल, तर ‘लो’ वापरा. चढावर गाडी रोखून धरायला ॲक्सिलरेटर नको, ब्रेक वापरा. जळक्या रबराचा वास आला की तिथेच थांबा आणि थंड होऊ द्या.

इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही, असे पाण्यातून आल्यावर झाले तर बेल्टच्या घरात (बेल्ट आणि पुल्यांवरच्या बंद झाकणात) पाणी शिरले आहे. खालचा बूच काढून पाणी जाऊ द्या, बूच परत लावा आणि न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग मध्यम ठेवून थोडा-थोडा वेळ फिरवा, म्हणजे पुल्यांच्या वाऱ्याने बेल्ट सुकतो.

नवा बेल्ट बसवताना तो साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कारण कारखान्यातल्या साच्याचा तेलकट थर त्यावर असू शकतो. बेल्टवरचा बाण पुस्तिकेत दाखवलेल्या दिशेला हवा. पहिले ५० ते ८० किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर नको आणि ओझे ओढणे नको. जुना तुटला असेल तर बेल्टच्या घरातले एकूण एक धागे आणि तुकडे वेचून काढा. वारा येण्या-जाण्याच्या नळ्यांत अडकलेला एक गुंता नव्या बेल्टला तापवायला पुरतो. पुलीच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर ग्रीस किंवा तेल कधीही लावू नका.

धूळ

इंजिनाचा खरा शत्रू धूळ. फिल्टरला चकवून आत गेलेली बारीक माती पिस्टनच्या रिंगा घासते. आधी ऑइल कमी होऊ लागते, मग निळसर धूर येतो आणि तोवर दुरुस्ती इंजिन उघडण्यापर्यंत पोहोचलेली असते.

कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकू नका. कार-ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षे केलेली सवय असते, म्हणून हे ठासून सांगतो. हवेच्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. फिल्टर स्वच्छ दिसतो आणि धूळ सरळ इंजिनात जाते. हलके झटकून सैल माती पडते तेवढी पडू द्या, नाहीतर नवा घाला. बाहेरचा फोम मात्र साबणाच्या पाण्यात धुता येतो. तो पिळवटून न काढता दाबून काढा, पूर्ण वाळवा आणि पुस्तिकेत सांगितले असेल तर फिल्टर ऑइल लावा.

फिल्टर काढल्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आत पांढरे कापड बोटाला गुंडाळून फिरवा. कापड पांढरेच आले तर ठीक. त्यावर मातकट रेघ उमटली तर फिल्टरची कड नीट बसलेली नाही, क्लॅम्प सैल आहे किंवा नळीला चीर आहे. कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नका. दुसऱ्या गाडीमागे जाताना तिच्या धुरळ्यापासून लांब राहा; तेवढ्यानेही फिल्टरचे आयुष्य वाढते.

तासांवर लक्ष

ही गाडी दिवसभर हळू चालते. किलोमीटर थोडे दिसतात, इंजिन मात्र तासन्तास राबलेले असते. म्हणून देखभाल मीटरवरच्या तासांनी मोजा. पहिली ऑइल बदली साधारण २५ तासांनी, कारण नव्या भागांची घासलेली धातूची पूड त्यात उतरते. पुढे दर १०० तासांनी. धूळ, पाणी, चिखल किंवा सतत ओझे असेल तर त्याच्या निम्म्याने. गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफचे (चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचे) ऑइलही बदलायचे असते, हे बरेचजण विसरतात. कोणतेही ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. असे ऑइल घेऊन एक फेरीही मारू नका. दर ५० तासांनी ग्रीस गन हातात घ्या आणि सस्पेन्शनच्या निपलांत (ग्रीस भरायच्या तोंडांत) जुने ग्रीस बाहेर दिसेपर्यंत नवे भरा.

तेव्हाच खाली वाकून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे रबरी बूट पाहा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला आहे. लगेच बदलला तर फक्त बूट जातो, नंतर अख्खा जॉइंट.

टायरमधली हवा थंड टायरवर मोजा. दाब कारच्या मानाने बराच कमी, बहुतेक मॉडेलांत १० ते २० पीएसआयच्या आसपास असतो, त्यामुळे कारचा गेज इथे भरवशाचा नाही. कमी दाबाचा वेगळा घ्या. चाक काढून बसवले असेल तर थोडे चालवून नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदला आणि टोपीवर लिहिलेल्याच प्रतीचे घाला.

फोर व्हील अडकण्याआधी टाका, चाके गरगर फिरत असताना नाही. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाके एकाच वेगाने फिरायला लावणारी सोय) काढा. नाहीतर स्टीअरिंग जड होते आणि शाफ्टवर विनाकारण ताण येतो.

पाणी, चिखल आणि धुणे

पाणी गाडीच्या फरशीच्या वर येणार असेल तर उतरू नका. रुंद, हवेने भरलेले टायर गाडीला तरंगवतात आणि मग प्रवाह नेईल तिकडे ती जाते. बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा.

रेडिएटरमधला चिखल इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने, साध्या नळाच्या धारेने काढा. प्रेशर वॉशरने त्याची पातळ पाती वाकतात, आणि तीच धार बेअरिंगवर मारली तर सील ओलांडून पाणी आत जाते. गरम रेडिएटरची टोपी उघडू नका.

वाळके गवत सायलेन्सरभोवती आणि खालच्या संरक्षक पत्र्यावर साचते आणि पेट घेते. गवतातून आल्यावर दर थोड्या वेळाने थांबून ते काढा आणि गरम गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका. पेट्रोलचा कॅन हौद्यात ठेवून भरू नका. तो जमिनीवर ठेवा. प्लास्टिकच्या हौद्यात साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही आणि ठिणगी पडू शकते.

गाडी काही महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल स्टॅबिलायझर घालून इंजिन १० मिनिटे चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोहोचते. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह तार, लावताना ती शेवटी. व्होल्टमीटर १२.४ व्होल्टच्या खाली दाखवू लागला की चार्ज करा. परत बाहेर काढताना किल्ली फिरवण्याआधी एअर फिल्टरचे झाकण उघडा आणि बेल्टच्या घराच्या वाऱ्याच्या नळ्याही पाहा. उंदरांना दोन्ही जागा घरट्यासाठी फार आवडतात. घरटे सापडले तर ते पूर्ण काढून, फिल्टर नवा घालून, मगच इंजिन चालू करा.