पुळणीवरची धाव आणि लांब पल्ल्याची लेन्स

लांब पल्ल्याची झूम लेन्स घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एमएमची घेऊ?" दुकानदारही त्याच भाषेत बोलतो. २०० वर नजर गेली की ४०० पुढे करतो, ४०० ला मान हलवली की ६०० चा डबा उघडतो. पण अलिबाग-मुरुड पट्ट्यात पुळणीवर बैलगाड्या सुटतात, हर्णैच्या बंदरात होड्यांवर कुरव झेपावतात आणि रात्री दिव्यांखाली कबड्डीचे सामने रंगतात, त्या तिन्ही ठिकाणी लेन्सकडून हवं असतं ते निरनिराळं. एमएमचा आकडा त्यातल्या एकाच गोष्टीचं उत्तर देतो: चौकटीत समोरची वस्तू किती मोठी दिसेल?

तेवढं काढायला शाळेतले समरूप त्रिकोण पुरतात. वस्तूचा आकार गुणिले लेन्सचं नाभीय अंतर (तोच एमएमचा आकडा), भागिले वस्तूपर्यंतचं अंतर. पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाने पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण दोन मीटर भरतात. तो ८० मीटरवर असेल तर ४०० एमएमच्या लेन्समधून त्याची प्रतिमा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर १० मिलिमीटरची पडते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, म्हणजे पाऊण चौकट रिकामी. ६०० एमएमला तीच प्रतिमा १५ मिलिमीटरची होते. क्रॉप, म्हणजे लहान आकाराचा, सेन्सर साधारण २४ मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे तेच १० मिलिमीटर त्यावर चौकटीचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग व्यापतात. "क्रॉपवर ४०० ची ६०० होते" असं सर्रास म्हणतात, पण लेन्स कुठेच लांब होत नाही. चौकट लहान होते, इतकंच.

आता हर्णैला या. धक्क्यावर मासळी उतरत असते आणि थंडीत येणारे कुरव डोक्यापासून दहा-पंधरा मीटरवर असतात. मीटरभर पंखविस्ताराचा कुरव १५ मीटरवर असला तर ४०० एमएमला त्याची प्रतिमा जवळजवळ २७ मिलिमीटर होते, आणि ६०० ला तर ४०, म्हणजे पक्षी चौकटीतच मावत नाही. गरुडासाठी घेतलेली लेन्स बंदरात अशी अडचणीची ठरते. एकाच किनाऱ्यावर एकाच सकाळी दोन्ही काढायचे असतील तर झूमला पर्याय नाही, आणि अशा वेळी झूमचं खालचं टोक वरच्या टोकाइतकंच महत्त्वाचं.

दुसरा आकडा एफचा, आणि खिशाला कात्री लावतो तो हा. एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले लेन्सच्या प्रवेशछिद्राचा व्यास. २०० एमएम एफ/२.८ चं गणित केलं तर व्यास येतो सुमारे ७१ मिलिमीटर. ४०० एमएम एफ/५.६ चं केलं तरी ७१. म्हणूनच ७०-२०० एफ/२.८ आणि १००-४०० एफ/४.५-५.६ या दोन वेगळ्या वाटणाऱ्या लेन्सना बऱ्याचदा एकाच, ७७ मिलिमीटरच्या मापाचा फिल्टर बसतो. ६०० एफ/६.३ ला ९५ मिलिमीटर लागतात. सोनीची २००-६००, निकॉनची १८०-६०० यांचे फिल्टर नेमके त्याच मापाचे आहेत आणि दोन्हींची वजनं दोन किलोंच्या आसपास. ४०० एमएमच एफ/२.८ मध्ये हवी म्हणाल तर समोरची काच १४३ मिलिमीटरची होते. कुठलीही कंपनी या भागाकारातून सुटलेली नाही. "हलकी, स्वस्त, ६०० एमएम आणि एफ/४" अशी लेन्स शोधत बसणाऱ्यांनी तो वेळ किनाऱ्यावर घालवावा.

मग एफ/२.८ साठी पैसे मोजावेत का? उत्तर उजेडावर आहे. फिल्मच्या काळापासून चालत आलेला हिशेब असा: लख्ख उन्हात एफ/१६ आणि आयएसओ (उजेडाला असलेली संवेदनशीलता) १०० असेल तर शटर १/१०० सेकंद. त्यावरून एफ/५.६ ला १/८००, आणि आयएसओ ४०० केला की १/३२००. किनाऱ्यावर ऊन असताना एवढ्या वेगात उडणारा कुरवही थिजतो. तिथे एफ/२.८ उघडून मिळणाऱ्या जादा उजेडाची गरजच नसते. सूर्य नुकताच वर आलेला असताना उजेड चारेक स्टॉपनी (दर स्टॉपला उजेड निम्मा) कमी धरला, तरी एफ/५.६ ला आयएसओ ३२०० वर १/१६०० मिळतो. आजचे सेन्सर एवढं सहज पेलतात. दिवसाच्या कोकणासाठी एफ/५.६ किंवा ६.३ ची लेन्स पुरेशी आहे, हे माझं स्पष्ट मत. एफ/२.८ बद्दलचं आकर्षण बरंचसं तिच्या रुबाबाचं असतं.

कबड्डीचं मात्र तसं नाही. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. कडेला बसलं की चढाईपटू आठ ते पंधरा मीटरवर येतो, आणि २०० एमएमला १५ मीटरवर पावणेतीन मीटर रुंदीचा पट्टा दिसतो: एक चढाईपटू, त्याच्या पायाला हात घालणारा एक पकडणारा, आणि थोडी मोकळी जागा. इथे पल्ला भरपूर आहे, नाही तो उजेड. गावच्या मैदानातल्या दिव्यांखाली एफ/२.८ आणि आयएसओ ३२०० वर १/१००० मिळत असेल, तर एफ/५.६ ला एकतर १/२५० वर यावं लागतं किंवा आयएसओ १२८०० करावा लागतो. सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरणारा हात १/२५० मध्ये दोन सेंटिमीटर सरकतो, १/१००० मध्ये अर्धा. बोनस रेषेवरचा पाय आणि त्यामागे झडप घालणारी बोटं स्पष्ट हवी असतील तर फरक इथे पडतो. शिवाय २०० एमएम, एफ/२.८, १५ मीटर या मापांत स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम मीटरभर असते, त्यामुळे मागचे बॅनर आणि वडापावची गाडी आपोआप विरघळतात.

दिव्यांची आणखी एक खोड आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, १/१००० च्या शटरला कळतं. एकामागून एक घेतलेल्या फोटोंत एक उजळ, पुढचा काळपट पिवळा, असं झालं तर लेन्सला बोल लावू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही लुकलुक (फ्लिकर) टाळण्याची सोय असते, ती चालू करा.

बैलगाडीची शर्यत हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड विषय. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून शर्यती पुन्हा उघडपणे भरू लागल्या. हिशेबाला सोपं म्हणून गाडीचा वेग सेकंदाला १० मीटर धरू, आणि आपण ४० मीटरवर ४०० एमएम घेऊन उभे आहोत असं समजू. समोरून आडवी जाणारी गाडी १/१००० सेकंदात एक सेंटिमीटर पुढे सरकते. सेन्सरवर त्याचा शंभरावा भाग, म्हणजे ०.१ मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे बैलाचं नाक सोळा-सतरा पिक्सेलभर फराटलं. शटर १/२००० केला तरी आठ पिक्सेल. आणि ४०० एमएमला ४० मीटरवर फक्त ३.६ मीटरचा पट्टा दिसतो, तो गाडी एक तृतीयांश सेकंदात पार करते. म्हणून कॅमेरा गाडीबरोबर फिरवण्यावाचून गत्यंतर नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, बैलांना नाही. त्यात आडव्या हालचालीला आड न येणारा वेगळा मोड आहे का, हे घेण्याआधी विचारा, कारण नसेल तर ते स्टॅबिलायझेशन तुमच्याच फिरवण्याशी भांडतं.

इथे चाकाची एक गंमत पाहण्यासारखी आहे. जमिनीवर घरंगळणाऱ्या चाकाचा वाळूला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि माथ्यावरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने धावतो. कॅमेरा स्थिर ठेवून १/५०० वर फोटो काढला तर चाकाचे खालचे आरे स्पष्ट आणि वरचे फराटलेले मिळतात. कॅमेरा गाडीबरोबर फिरवला की चाकाची धाव, म्हणजे कडेची लोखंडी पट्टी, सगळीकडे सारखीच पुसट होते. १/३२०० ला आरे गोठून गाडी उभीच असल्यासारखी दिसते. मला १/१२५ च्या आसपासचे, चाक फिरताना दिसणारे फोटो जास्त आवडतात. दहातले आठ टाकून द्यावे लागतात, ते वेगळं.

गाडी तुमच्या दिशेने येत असेल तर फराट कमी होते, पण सगळा भार ऑटोफोकसवर येतो. सेन्सरमागे प्रतिमा जेवढी सरकते ते अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. गाडी ४० मीटरवरून २० मीटरवर आली की फोकसला चौपट वेगाने धावावं लागतं. लेन्सच्या आतला फोकसचा काचगट जितका हलका आणि त्याची मोटर जितकी चपळ, तितकं हे जमतं. १९८७ मध्ये कॅननने ३०० एमएम एफ/२.८ मध्ये अल्ट्रासॉनिक मोटर बसवली ती याचसाठी, आणि आज मध्यम किमतीच्या लेन्समध्येही चपळ मोटर मिळते. जवळचा पल्ला बंद करणारा फोकस लिमिटरचा खटका लेन्सवर असेल तर तो वापरा. मग फोकस चुकला तरी तो हातभर अंतरापर्यंत धाव घेऊन परत येत बसत नाही. आणि हो, समोरून फोटो हवा म्हणून धावपट्टीत उभं राहू नका. बैल वळले तर मागे फिरायलाही वेळ मिळत नाही. लांब पल्ल्याची लेन्स बाजूला, दोरीच्या मागे उभं राहण्यासाठीच तर घ्यायची.

आता त्या गोष्टीकडे वळू जी कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते: मधली हवा. हवेचा अपवर्तनांक १.०००३ च्या आसपास, आणि तापमान एका अंशाने वाढलं की तो साधारण दहा लाखांतल्या एका भागाने घटतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण सहा मायक्रॉनचा पिक्सेल ४०० एमएमच्या लेन्समागे फक्त १५ मायक्रोरेडियनचा कोन पाहतो. तापलेल्या वाळूवरच्या हवेत उंचीप्रमाणे मीटरला एक अंश फरक असेल, तर १०० मीटरच्या वाटेत किरण सुमारे १०० मायक्रोरेडियनने वाकतो, म्हणजे सहा-सात पिक्सेल. नुसता वाकून राहिला असता तर बिघडलं नसतं. तापलेली हवा ढवळत राहते तसा तो क्षणाक्षणाला निराळा वाकतो, आणि फोटो लोण्यासारखा मऊ येतो. ६०० एमएम लावली की हा मऊपणाही दीडपट मोठा होतो. दुपारी बारा वाजता पुळणीवर नवी लेन्स तपासून "शार्प नाही" म्हणून परत करणारे भेटतात. दोष लेन्सचा नव्हे, वाळूचा असतो.

उपाय वेळेचा आहे. रात्रभर वाळू निवलेली असते, पहाटे मतलई वारे वाहत असतात, आणि सूर्य वर येऊन वाळू तापेपर्यंतचा काळ सगळ्यात स्वच्छ. ओहोटीला उघडी पडलेली ओली पुळण बाष्पीभवनाने थंड राहते, तिच्यावरून काढलेला फोटो कोरड्या वाळूवरून काढलेल्यापेक्षा कधीही बरा. बंधाऱ्यावर किंवा खडकावर चढलं की नजरेची रेषा तापलेल्या थरातून लवकर बाहेर पडते. पोटावर झोपून काढलेला फोटो दिसायला देखणा, पण सगळा रस्ता त्याच थरातून जातो. आणि शक्य असेल तर जवळ जा. ८० ऐवजी ४० मीटरवरून काढला तर प्रतिमा दुप्पट होते आणि मधली हवा निम्मी. ८०० एमएम विकत घेऊन यातलं पहिलंच मिळतं.

किनाऱ्यावरची हवा आणखी एका तऱ्हेने त्रास देते. एसी लावलेल्या गाडीतून थेट पुळणीवर लेन्स काढली की काच क्षणात धुकते, कारण ती बाहेरच्या दवबिंदूपेक्षा थंड असते. बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स दर वेळी बाहेरची हवा आत ओढते, आणि तिच्याबरोबर बारीक वाळू नि खार. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० आतल्या आत झूम होतात, नळी जागची हलत नाही. कोकणात वापरायची असेल तर वजन सोसूनही मी तसली लेन्स पसंत करीन. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला तेवढी पुष्कळ. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारी ड्राय कॅबिनेट, नाहीतर घट्ट झाकणाचा डबा आणि रंग बदलणारं सिलिका जेल, ही तजवीज लेन्सच्या खर्चातच धरा. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. भुसा आत जातो.

नव्या लेन्सची चैन नको असेल तर वापरलेली लेन्स बघायला हरकत नाही, फक्त सावकाश बघा. झूमची कडी कानाशी धरून फिरवा. कचकच वाळूची असते. मग जांभ्या चिऱ्याची, गिलावा नसलेली भिंत शोधा. त्या दगडाची छिद्रं आणि कडा इतक्या बारीक आणि सगळीकडे सारख्या असतात की दुसरा तपासणीचा तक्ता लागत नाही. सकाळी, दहा-पंधरा मीटरवरून, भिंतीला काटकोनात, ट्रायपॉडवर, छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून शेजारी शेजारी ठेवा. चारही थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू मऊ असेल तर आतली काच कललेली आहे, लेन्स कदाचित कधीतरी पडलेली असेल. शेवटी दोन्ही झाकणं काढून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, ती चालते. कोपऱ्यातून फुटलेले तंतू दिसले तर किंमत कितीही उतरली तरी सोडून द्या. बुरशी साफ करून मिळते, पण तिच्या आम्लाने खाल्लेला काचेवरचा लेप परत येत नाही.