कोच चुकला की प्लेअर? फातोर्ड्यापर्यंत आलेल्या भांडणाची पार्श्वभूमी

14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत सिंगापूरकडून 2-1 नं हरला आणि 2027 च्या एशियन कपचा विषय तिथंच संपला. छांगटेनं 14व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेरून असला कडक गोल हाणला की आज आपण मॅच काढतो असंच वाटत होतं, पण हाफटाइमच्या तोंडावर 44व्या मिनिटाला सोंग उई-यंगनं बरोबरी केली, 58व्या मिनिटाला दुसराही त्यानंच घातला, आणि पुढं अर्धा तास हातात असून आपल्याकडून एक गोल निघाला नाही. मग जे सुरू झालं ते सगळ्यांनी बघितलंय. अर्धे लोक कोच खालिद जमीलच्या मागे लागले, अर्धे म्हणाले कोच काय स्वतः उतरून मार्किंग करणार का, आणि काहींनी गाडी पाच दिवस मागं नेली, की 9 तारखेला सिंगापूरमध्ये संदेश झिंगननं सेकंड हाफ सुरू होतो न होतो तोच रेड कार्ड घेतलं, त्यामुळे घरच्या मॅचला आपला सगळ्यात अनुभवी डिफेंडर बाहेर, मग याला जबाबदार कोण.

हेच भांडण आपण गेल्या सहा-सात वर्षांत निदान तीनदा जसंच्या तसं भांडलोय, फक्त नावं बदलली. तिन्ही वेळा शेवटच्या मिनिटांत पेनल्टी गेली, तिन्ही वेळा ज्याच्या हातून फाऊल झाला त्याच्यावर खापर फुटलं आणि तिन्ही वेळा काही काळात कोच गेला.

पहिली मॅच शारजाची, 14 जानेवारी 2019, एशियन कपच्या ग्रुपमधली शेवटची, समोर बहारीन. त्याआधी आठ दिवसांपूर्वी आपण थायलंडला 4-1 नं धुतलं होतं, मग यूएईकडून 2-0 हरलो, पण त्यातही बॉल दोनदा बारला लागून परत आला होता, म्हणजे टीम खेळत होती. बहारीनविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती, एक पॉइंट मिळाला की नॉकआउटमध्ये. आणि इथंच कोच स्टीफन कॉन्स्टंटाइनवरचा मोठा आरोप येतो, की बरोबरी पुरेशी आहे म्हटल्यावर टीम मागे मागे सरकत गेली. अनस एडाथोडिका पहिल्या काही मिनिटांतच जखमी होऊन बाहेर, त्यामुळे मधली जमलेली जोडी फुटली. तरी झिंगन, कीपर गुरप्रीत सगळे उभे राहिले, 90 मिनिटं 0-0. मग 91व्या मिनिटाला बॉक्समध्ये प्रणॉय हलदारचा पाय आडवा गेला, पेनल्टी, जमाल रशीदनं गोल केला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या दिवशी कॅप्टनचा पट्टा हलदारच्याच दंडावर होता, कारण कॉन्स्टंटाइन मॅचगणिक कॅप्टन बदलायचे. आता यात चूक कुणाची? फाऊल हलदारचा, मान्य. पण तो मॅचभर डिफेन्सच्या समोर उभा राहून येईल तो बॉल अडवत होता आणि ती वेळ त्याच्यावर का आली हे बघायला हवं, पुढं बॉल टिकवायला कुणी नव्हतं म्हणून सगळी मॅच आपल्याच बॉक्सपाशी खेळली गेली. कॉन्स्टंटाइननी मॅच संपल्या संपल्या राजीनामा दिला. हेच कॉन्स्टंटाइन 2015 मध्ये टीम रँकिंगमध्ये 173 वर होती तिथून 2017 मध्ये 96 वर घेऊन आले होते, पण त्या रात्री ते कुणाला आठवायचं होतं.

दुसरी मॅच गुवाहाटीची, 26 मार्च 2024, वर्ल्ड कप क्वालिफायर, समोर अफगाणिस्तान. ही जास्त बोचली, कारण त्यांचे बरेच मुख्य खेळाडू त्यांच्या फेडरेशनशी भांडण करून आलेच नव्हते. छेत्रीची 150वी मॅच, 38व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल त्यानंच केला, आणि तिथून 70व्या मिनिटाला बरोबरी झाली, 88व्याला गुरप्रीतच्या फाऊलवर पेनल्टी गेली आणि 2-1. गंमत म्हणजे कोच इगोर स्टिमॅकना आदल्याच वर्षी लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, 2023 मध्ये इंटरकॉन्टिनेंटल कप आणि सॅफ (दक्षिण आशियाची स्पर्धा) दोन्ही जिंकले, रँकिंग शंभराच्या आत आलं, नोव्हेंबरमध्ये कुवेतला कुवेतमध्ये जाऊन मनवीरच्या गोलवर हरवलं. मग जानेवारी 2024 च्या एशियन कपमध्ये तीन मॅच, तीन पराभव, एकही गोल नाही. गुवाहाटीनंतर जूनमध्ये दोहाला कतारविरुद्ध बॉल लाइनीच्या बाहेर गेलेला असताना गोल दिला गेला, तो अन्यायच होता आणि त्याबद्दल राग येणं बरोबरच आहे, पण वर्ल्ड कप क्वालिफायरच्या तिसऱ्या राउंडची वाट खरी अवघड झाली ती गुवाहाटीत. 17 जून 2024 ला स्टिमॅकना काढलं.

तिसरी हाँगकाँगची, 10 जून 2025, एशियन कप क्वालिफायर, नवं काय ताक स्टेडियम. कोच मानोलो मार्केझनी छेत्रीला बेंचवर ठेवलं आणि सेकंड हाफमध्ये उतरवलं. पहिल्या हाफमध्ये आशिक कुरुनियनला गोलसमोर मोकळा चान्स मिळाला, तो त्यानं बाहेर मारला. इंज्युरी टाइममध्ये, 94व्या मिनिटाला, कीपर विशाल कैथ बॉल पंच करायला पुढं आला, बॉलऐवजी माणसाला लागला, पेनल्टी, स्टीफन परेरानं गोल केला, 1-0. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशविरुद्ध पहिल्याच मिनिटाला कैथनं चुकीचा पास देऊन जीव टांगणीला लावला होता, त्यामुळे या वेळी सगळा राग त्याच्यावर निघाला. आशिकचा चान्स दुसऱ्या दिवशीपर्यंत बाजूला पडला. मला हे पटत नाही. तो बॉल आत गेला असता तर 94व्या मिनिटाला हाँगकाँग बरोबरीसाठी धडपडत असतं.

अजून एक गोष्ट, गुवाहाटीत अफगाणिस्तानच्या डगआउटमध्ये आणि काय ताकला हाँगकाँगच्या डगआउटमध्ये एकच माणूस होता, ॲशली वेस्टवुड. बेंगळुरू एफसीला दोन आय-लीग जिंकून देणारा, छेत्रीला रोज ट्रेनिंगमध्ये बघितलेला. भारताला काय जमत नाही हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मानोलोंचं प्रकरण गोव्यातल्या लोकांसाठी जरा वेगळं होतं, कारण तिथं त्यांच्याबद्दल प्रेम होतं आणि आहे. फेडरेशननं त्यांना एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत अशी दोन कामं करू दिली, हा निर्णय मुळात त्यांचा नव्हे, फेडरेशनचा, आणि त्याची किंमत त्यांच्या नावावर लिहिली गेली. भारताबरोबर आठ मॅच, जिंकली फक्त एक, मालदीवविरुद्धची 3-0, ज्यात आपल्या मुंबईच्या राहुल भेकेनं आणि गोव्याच्या लिस्टन कुलासोनं गोल केले आणि रिटायरमेंटमधून परत आलेल्या चाळिशीतल्या छेत्रीनं तिसरा. आणि त्याच मानोलोंनी मे 2025 मध्ये एफसी गोव्याला सुपर कप जिंकून दिला, फायनलला जमशेदपूरला 3-0 हरवून. जमशेदपूरचे कोच कोण होते, तर खालिद जमील. तीन महिन्यांत तेच खालिद मानोलोंच्या खुर्चीवर. पण त्या फायनलमधले तीन गोल कुणी केले हे जास्त महत्त्वाचं, दोन स्पेनच्या बोर्हा हेरेरानं, एक सर्बियाच्या देजान द्राझिचनं. क्लबला विदेशी प्लेअर गोल करून देतात, भारताच्या टीममध्ये ते नसतात, मग तोच कोच इकडे हुशार आणि तिकडे बिनकामाचा ठरतो.

आता जरा मागे जाऊ, कारण गोल न होणं हे काही आयएसएलमुळे (इंडियन सुपर लीग) सुरू झालं असं नाही. 31 जुलै 1948, लंडन ऑलिंपिक, इलफर्डचं मैदान, समोर फ्रान्स. आपले बहुतेक जण अनवाणी. सगळे सांगतात की अनवाणी खेळून आपण फ्रान्सला घाम फोडला, सारंगपाणी रामननं गोल केला, आणि शेवटच्या मिनिटाला नशिबानं 2-1 हरलो. पण त्या मॅचमध्ये आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि दोन्ही चुकल्या, एक शैलेन मन्नांची, एक महाबीर प्रसादची. चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं 10-1 नं हाणलं, आणि मग फेडरेशननं बूट सक्तीचे केले. त्या एका पराभवातून निदान एक ठोस निर्णय तरी निघाला, त्या वेळच्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं.

पुढचा काळ कोच सय्यद अब्दुल रहीम यांचा. 1956 ला मेलबर्नमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली, भारत ऑलिंपिकमध्ये चौथा. 1962 च्या जकार्ता एशियाडचं मात्र नीट बघा, कारण कोचच्या निर्णयाबद्दल बोलायचं तर यापेक्षा मोठं उदाहरण आपल्याकडे नाही. पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून 2-0 हरलो. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेल म्हणजे टीमचा स्टॉपर, मागचा आधार. रहीमसाहेबांनी त्याला बसवलं नाही, उलट सेमीफायनलला सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढं लावलं, तिथं त्यानं गोल केला, फायनलला त्याच कोरियाविरुद्ध परत गोल केला, एक पी. के. बॅनर्जींनी, 2-1, गोल्ड. त्या टीममध्ये गोव्याचा फोर्तुनातो फ्रँकोही होता. हीच फायनल 2-1 नं उलटी गेली असती तर टाके पडलेल्या स्टॉपरला फॉरवर्ड खेळवणारा कोच म्हणून रहीमसाहेबांना आयुष्यभर ऐकवलं असतं. ते पुढच्याच वर्षी कॅन्सरनं गेले.

कोचच्या सिस्टिमवरून सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो कोलकात्यात, 13 जुलै 1997, फेडरेशन कपची सेमीफायनल, सॉल्ट लेक स्टेडियमवर 1,31,781 लोक. मोहन बागानचे कोच अमल दत्त यांची डायमंड सिस्टिम, म्हणजे हिऱ्याच्या आकारातली मांडणी, तेव्हा गाजत होती, आधीच्या राउंडला गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला 6-0 नं उडवलं होतं. दत्तांनी मॅचआधी ईस्ट बंगालच्या प्लेअर्सची नावं घेऊन खिल्ली उडवली, ईस्ट बंगालचे कोच पी. के. बॅनर्जींनी तीच गोष्ट आपल्या पोरांना चेतवायला वापरली, बायचुंगनं हॅटट्रिक मारली, ईस्ट बंगाल 4-1 नं जिंकलं. डायमंड चुकीची होती का? चर्चिलविरुद्ध बरोबर आणि लगेच पुढच्या मॅचला चूक, असं होत नाही. समोर पी. के. होते आणि बायचुंग होता.

परदेशी कोच की आपला, हा वाद याच्याच पोटातला. 2011 मध्ये गोव्याच्या डेंपोला पाच राष्ट्रीय टायटल्सच्या वाटेवर नेणारे आर्मांदो कुलासो भारताचे कोच झाले, थोड्याच काळात सोडून गेले. मग सावियो मदेरा आले, 2012 च्या चॅलेंज कपला काठमांडूत तिन्ही मॅच हरलो, गोल शून्य. तिथून कोव्हरमन्स, कॉन्स्टंटाइन, स्टिमॅक, मानोलो, सगळे बाहेरचे. तेरा वर्षांनी ऑगस्ट 2025 मध्ये खालिद आले तेव्हा लोकांना खरंच आशा वाटली, कारण या माणसानं 2017 मध्ये आयझॉलसारख्या छोट्या टीमला आय-लीग जिंकून दिली होती, मुंबईच्या मैदानांवर घडलेला माणूस, आणि आल्या आल्या ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून सीएएफए नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर काढला. मग फातोर्डा. मग 18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून 1-0, 2003 नंतर पहिल्यांदा.

म्हणजे परदेशी कोच करून झाले, देशी करून झाला, कीपर बदलून झाला. सगळ्यात एकच गोष्ट तशीच राहिली, नऊ नंबर, म्हणजे गोल करणारा स्ट्रायकर. 2014 ला आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानात सहा विदेशी चालायचे, 2017 ला पाच झाले, 2021 पासून चार. आता कोणताही क्लब त्या चारातला एक तरी स्ट्रायकरवर खर्च करणार, करायलाच पाहिजे, त्यांना लीग जिंकायची असते. मग भारतीय पोरगा विंगवर सरकतो नाही तर बेंचवर. 2024-25 च्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारा भारतीय कोण होता, तर चाळीस वर्षांचा छेत्री, 14 गोल. त्याला परत का बोलावलं म्हणून मानोलोंना बोलणाऱ्यांनी दुसरं नाव सांगावं. त्यात जुलै 2025 मध्ये फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्यांच्या कराराच्या घोळात आयएसएलच थांबवून ठेवली, म्हणजे फातोर्ड्याला उतरलेल्या प्लेअर्सपैकी बऱ्याच जणांना लीगची मॅच खेळून महिने झाले होते, आणि त्यांनी 90 मिनिटं त्याच जोरात का पळलं नाही म्हणून आपण त्यांना शिव्या घालत होतो.

ढाक्याच्या वेळी टीमबरोबर रायन विल्यम्स होता, ऑस्ट्रेलियात वाढलेला, बेंगळुरूकडून खेळणारा फॉरवर्ड, ज्यानं भारताचं नागरिकत्व घेतलं. त्याची आई मुंबईची, आजोबा 1950 च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. कागदपत्रं वेळेत पूर्ण झाली नाहीत म्हणून तो त्या मॅचला उतरू शकला नाही, आणि तेव्हा वाद सुरू झाला तो असे बाहेर वाढलेले प्लेअर आणायचे की आपल्या लीगमध्ये भारतीय स्ट्रायकरसाठी जागा सक्तीची करायची यावर.