मतपेटीआधी अर्ज होता

निवडणूक झाली की पुढची पाच वर्षं मतदारानं काय करायचं, हा प्रश्न आज फार विचारला जातो. संसदीय राज्यपद्धती जिथे घडली त्या इंग्लंडात दीर्घकाळ प्रश्न उलटा होता. बहुतेक लोकांना मतच नव्हतं, मग त्यांनी संसदेपर्यंत पोहोचायचं कसं? त्याचं उत्तर होतं विनंती अर्ज. मजूर, बायका, मालमत्ता नसलेले, मतदार यादीत ज्यांचं नाव येण्याचा संभव नव्हता असे सगळे संसदेच्या कॉमन्स या निवडून आलेल्या सभागृहाकडे अर्ज करू शकत.

हा हक्क सुखासुखी मिळाला नव्हता. १६६१ च्या कायद्यानं अर्जावर वीसपेक्षा जास्त सह्या घ्यायच्या तर आधी स्थानिक दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागे, आणि दहापेक्षा जास्त माणसांनी मिळून तो सादर करायला मनाई होती. राजाला भीती अर्जाची कमी आणि त्यामागून चालत येणाऱ्या गर्दीची जास्त. १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सच्या फर्मानाविरुद्ध अर्ज केला म्हणून सात बिशपांवर खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले, त्याच वर्षी राजाला पळून जावं लागलं आणि १६८९ च्या हक्कांच्या सनदेत लिहिलं गेलं की राजाकडे अर्ज करणं हा प्रजेचा हक्क आहे, त्यासाठी कुणाला धरता येणार नाही.

अर्जाची खरी ताकद पुढच्या शतकात दिसली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध १७९२ मध्ये कॉमन्सकडे ५१९ अर्ज आले. त्या वेळेपर्यंत एकाच विषयावर इतके अर्ज कधी आले नव्हते. व्यापारबंदीचा कायदा व्हायला १८०७ उजाडलं, पण गावोगावी सह्या गोळा करताना लोकांना सभा भरवणं, पत्रकं वाटणं आणि शेजाऱ्याला पटवणं जमू लागलं. माझ्या मते अर्जाचा मोठा परिणाम सभागृहात झाला नाही, तो सह्या जमवणाऱ्यांवर झाला.

मग आले चार्टिस्ट, म्हणजे मताधिकारासाठी झगडणाऱ्या कामगारांच्या चळवळीतले लोक. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदारांना वेतन, मालमत्तेची अट रद्द, समान मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक, अशा त्यांच्या सहा मागण्या होत्या. १८३९ चा त्यांचा अर्ज सुमारे १२ लाख ८० हजार सह्यांचा होता. सभागृहानं तो विचारात घ्यायलाच नकार दिला. १८४२ मध्ये ३३ लाखांहून जास्त सह्यांची प्रचंड गुंडाळी मिरवणुकीनं आणली गेली. ती दारातून आत जाईना, शेवटी तिचे भाग वेगळे करून ती आत न्यावी लागली. अर्ज करणाऱ्यांचं म्हणणं सभागृहापुढे ऐकून घ्यावं या प्रस्तावाच्या बाजूनं ४९ मतं पडली, विरोधात २८७. १८४८ च्या तिसऱ्या अर्जात ५७ लाख सह्या असल्याचा दावा होता. समितीनं मोजल्या तर वीस लाखही भरल्या नाहीत, आणि त्यांत राणी व्हिक्टोरिया व ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्याही ‘सह्या’ निघाल्या. चळवळीची यथेच्छ टर उडाली. खोट्या सह्यांची किंमत खऱ्या सह्या करणाऱ्यांनी मोजली. तरी सहापैकी पाच मागण्या पुढे कायद्यात आल्या. दरवर्षी निवडणूक तेवढी राहिली, आणि ती राहिली हे बरंच झालं.

याच काळात संसदेनं स्वतःचं दार हळूच ओढून घेतलं. अर्ज सादर होताना त्यावर चर्चा करायची जुनी रीत होती आणि त्यात सभागृहाचा वेळ जाई. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला नियम बदलून ही चर्चा जवळपास बंद झाली. एकट्या १८४३ मध्ये ३३ हजारांहून जास्त अर्ज आले. म्हणजे अर्ज सर्वाधिक येत होते तेव्हाच ते न बोलता स्वीकारून बाजूला ठेवायची सोय झाली. पुढे मताधिकार वाढत गेला तसा, आता तुमचा प्रतिनिधी आहे ना, मग अर्ज कशाला, हा युक्तिवाद सोपा झाला. १८६६ मध्ये सुमारे १,५०० स्त्रियांनी मताधिकार मागणारा अर्ज केला, तो जॉन स्टुअर्ट मिल यांनी सादर केला. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला १९२८ यावं लागलं.

आपल्याकडे हे हत्यार लवकर आलं. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकारानं १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशननं, कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण तोंडावर असताना, थेट ब्रिटिश संसदेकडे अर्ज पाठवला. त्याहून विलक्षण गोष्ट पुण्याची. १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा उभी केली तेव्हा सभासदत्वासाठी किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायची अट घातली. सुरुवातीचे सुमारे ९५ सभासद जवळपास ६,००० लोकांच्या मुखत्यारीवर आले. तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता, हा सरकारचा आवडता प्रश्न होता. त्याचं उत्तर सभेनं कागदावर तयार ठेवलं होतं. देशात निवडणूक नव्हती, तरी प्रतिनिधी मात्र निवडलेला! १८७५ मध्ये याच सभेनं कॉमन्समध्ये भारताला प्रत्यक्ष प्रतिनिधित्व मिळावं असा अर्ज केला. ते मिळालं नाही. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये कॉमन्समध्ये गेले ते लंडनमधल्या फिन्सबरी मतदारसंघाचे खासदार म्हणून.

अलीकडे अर्ज परतला तो इंटरनेटमुळे. स्कॉटलंडच्या संसदेनं १९९९ मध्ये स्थापनेपासूनच अर्जांसाठी समिती ठेवली, आणि तिथे एका माणसाची सहीसुद्धा पुरते. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, २०१५ पासून १०,००० सह्यांना सरकारचं उत्तर मिळतं, १ लाख सह्यांना चर्चेसाठी विचार होतो. युरोपीय संघातून बाहेर पडणं रद्द करा, असं म्हणणाऱ्या २०१९ च्या अर्जावर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या. चर्चा झाली, सरकार हललं नाही. सह्यांचा आकडा आणि निर्णय यांचं नातं चार्टिस्टांच्या काळाहून फारसं घट्ट झालेलं नाही. पण उत्तर देण्याचं बंधन हा फरक लहान नव्हे.

दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळानं १९२४ मध्ये अर्जांसाठी समिती नेमली. आजच्या लोकसभेची याचिका समिती तिचीच वारस, सभागृहाच्या सर्वांत जुन्या समित्यांपैकी एक. तिच्यावर पंधरा सदस्य असतात, मंत्री नसतात. न्यायालयापुढे असलेला विषय तिथे चालत नाही, आणि अर्ज सभागृहात मांडायचा तर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. महाराष्ट्र विधानमंडळातही विनंती अर्ज समिती आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार केंद्र किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे तक्रार आपल्या भाषेत मांडता येते. लोकसभेला मराठीत अर्ज करणाऱ्याला मात्र सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि त्यावरही स्वतःची सही करावी लागते.