ट्राउटला नागपूर का मानवत नाही?

मे महिन्यात नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी ३० अंशांपर्यंत तापतं. त्या पाण्यात मावेल तेवढा ऑक्सिजन विरघळला, तर लिटरमागे सुमारे सव्वासात मिलिग्रॅम भरतो. आता काश्मीरमधलं विशनसर तळं घ्या. उंची साधारण ३,७०० मीटर, आणि उन्हाळ्यातलं पाणी समजा १० अंश. त्यात किती ऑक्सिजन मावेल? सात मिलिग्रॅमच्या जरा वर. म्हणजे अंबाझरीपेक्षा किंचित कमीच! तरी विशनसरमध्ये ट्राउट सुखाने नांदतो, आणि तोच मासा मे महिन्यात अंबाझरीत सोडला तर संध्याकाळ बघणार नाही.

नागपूरहून दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये बरीच मंडळी सोनमर्ग ते नारानाग ट्रेकला जातात आणि विशनसर, क्रिशनसर, गंगाबलचे फोटो घेऊन परततात. निळ्या पाण्यातल्या ठिपकेदार माशांचाही एखादा फोटो असतोच. हे मासे इतक्या वर का राहतात असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त असतो. समुद्रकिनाऱ्यावर हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. तिथे १० अंशांच्या गोड्या पाण्यात ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. पण पाण्यात वायू किती विरघळणार हे हवेच्या दाबावरही ठरतं, आणि ३,७०० मीटरवर तो दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून कमी असतो. थंडीने कमावलेलं उंचीने घालवलं.

मग खरी मेख कुठे आहे? ती माशाच्या शरीरात आहे. मासा थंड रक्ताचा, म्हणजे पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं. पाणी १० अंशांनी तापलं की त्याची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. पगार तेवढाच आणि घरखर्च मात्र तिपटी-चौपटीवर गेला, तर जे व्हायचं तेच ३० अंशांच्या पाण्यात ट्राउटचं होतं. प्रत्यक्षात तो तिथवर पोचतही नाही. २५ अंशांच्या आसपासच त्याचा कारभार आटोपतो, कारण एवढ्या उष्णतेत त्याच्या पेशींचंच काम बिघडायला लागतं.

आपल्या मरळीचं मात्र पाण्यातल्या ऑक्सिजनवाचून अडत नाही. बाजारात ढीवर बाईच्या टोपल्यात, चार बोटं पाण्यात, ती तासन्‌तास जिवंत राहते ते उगाच नाही. कल्ल्यांच्या वर तिला हवा साठवायची खास जागा असते. तोंड वर काढून ती थेट हवेतून श्वास घेते. आणि तिला त्याची गरजही आहे. आपल्या तलावांत शेवाळ दिवसा भरपूर ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ तो वापरतं. पहाटे पाण्यात ऑक्सिजनचा खडखडाट होतो आणि बिचारे रोहू-कतला पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात.

तर ट्राउटला थंड पाणी हवं, इतकं ठरलं. पण हिमालयात थंड पाण्याची तळी शेकड्यांनी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा तळ्यांत एकही मासा नाही. ट्राउटवाली तळी हुडकण्याचा नाद असलेल्या लोकांचं निम्मं काम चढाईला निघण्याआधी, घरी नकाशासमोर बसून होतं. माझ्या मते गरी टाकण्याचं कौशल्य यात दुय्यम आहे. तळं चुकीचं निवडलं तर जगातला सर्वांत चांगला रॉडही काय करणार?

पहिला प्रश्न विचारायचा तो हिवाळ्याचा. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्यामुळे थंडी पडली की हे पाणी तळाशी बसतं, त्याहून गार पाणी वर राहतं आणि बर्फ वरूनच धरतो. मासे खाली ४ अंशांच्या पाण्यात हालचाल मंदावून राहतात. इथपर्यंत ठीक. पण त्या बर्फाच्या थरावर हिम साचलं की उजेड बंद होतो आणि पाण्यातल्या वनस्पतींचं ऑक्सिजन बनवणं थांबतं. बर्फाच्या झाकणामुळे हवेतूनही भर पडत नाही. तळाचा पालापाचोळा मात्र कुजतच असतो आणि शिल्लक ऑक्सिजन खात असतो. असे सहा-सात महिने काढायचे, तर साठा मोठा हवा, म्हणजेच तळं खोल हवं. दोन-तीन मीटरच्या उथळ तळ्यात वसंतात बर्फ फुटतो तेव्हा मेलेले मासे तरंगताना दिसतात. चार-पाच मीटरच्या पुढे जगण्याची शक्यता वाढते, आणि एखादा झरा आत उतरत असेल तर आणखी.

खोली घरबसल्या कशी कळावी? शाळेत भूगोलात आपण समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा शिकलो, त्या इथे कामाला येतात. स्थलनिर्देशक नकाशावर तळ्याच्या काठापर्यंत रेषा दाटीने येत असतील, म्हणजे कडा थेट पाण्यात उतरत असेल, तर तो उतार बहुधा पाण्याखालीही तसाच चालू राहतो. भोवती रेषा विरळ असतील तर तळं पसरट आणि उथळ असण्याची शक्यता जास्त. ही तळी मुळात हिमनदीने खरवडलेली. डोंगराच्या कुशीत तिने कोरलेला खड्डा म्हणजे हिमगव्हर, आणि पुढे ढकलून टाकलेल्या दगडगोट्यांचा बांध म्हणजे हिमोढ. हिमगव्हरातली तळी खडकात खोल कोरलेली असतात, म्हणून शोधणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते.

नकाशाच्या जोडीला आता उपग्रह आहेत. इस्रोचं एक प्रादेशिक दूरसंवेदन केंद्र आपल्या नागपुरातच आहे, त्यामुळे हा विषय इथे अगदीच परका नाही. पाणी अवरक्त किरणं जवळजवळ पूर्ण शोषून घेतं. त्या किरणांत घेतलेल्या चित्रात तळं काळंकुट्ट दिसतं आणि भोवतालचं गवत उजळ. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. त्यांत १० मीटरचा तुकडा वेगळा ओळखू येतो आणि तीच जागा साधारण पाच दिवसांनी पुन्हा टिपली जाते. मे ते जुलैची चित्रं ओळीने लावली की कुठल्या तळ्याचा बर्फ कधी फुटला ते कळतं. दक्षिणेकडे तोंड असलेलं तळं आधी मोकळं होतं, उत्तरेच्या सावलीतलं कधी कधी काही आठवडे मागे राहतं. बर्फ फुटल्यानंतरचे दिवस गरीवाल्यांसाठी सुगीचे, कारण हिवाळाभर उपाशी राहिलेला मासा काठाशी खायला येतो.

साध्या रंगीत चित्रातूनही बरंच कळतं. दुधाळ फिरोजी रंगाचं तळं फोटोत फार सुंदर दिसतं, पण गरीवाला त्याला हात जोडतो. तो रंग हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाचा असतो. ते पीठ पाण्यात तरंगत राहतं, उजेड खाली जाऊ देत नाही, मग शेवाळ नाही, किडे नाहीत आणि मासेही जेमतेम. त्यापेक्षा गडद निळं आणि काठाला हिरवट झाक असलेलं तळं बरं: मधे खोली आणि कडेला अन्न.

एवढं सगळं जुळलं तरी एक अडचण उरते. मासा तिथे पोचला कसा? हिमनद्यांनी मागे सोडलेल्या दऱ्या बऱ्याचदा लोंबत्या, म्हणजे मुख्य दरीच्या वर अधांतरी संपणाऱ्या असतात, त्यांच्या तोंडाशी धबधबे असतात, आणि शंभर फुटांचा धबधबा चढून जाणारा ट्राउट अजून जन्मायचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या उंच डोंगरांत अशी सुमारे १६,००० तळी आहेत. माणसाने मासे सोडण्याआधी त्यांतल्या ९५ टक्के तळ्यांत मासाच नव्हता, असा अंदाज आहे. तिथे आधी खेचरांच्या पाठीवर डब्यांतून पिल्लं नेली, पुढे विमानातून खाली सोडली. बोटभर पिल्लू इतकं हलकं असतं की हवेत त्याचा वेग फार वाढत नाही आणि बहुतेक पिल्लं पाण्यात पडूनही जगतात. ऐकायला थाप वाटते, पण युटा राज्यात ही पद्धत आजही चालते.

आपल्याकडे तर ट्राउट पूर्णपणे परदेशी पाहुणा. इंग्रज साहेबांना काश्मीरचे नाले बघून स्कॉटलंड आठवलं, आणि १८९९ मध्ये तिकडून तपकिरी ट्राउटची अंडी मागवली गेली. ती वाटेतच मेली. १९०० मधली खेप मात्र टिकली. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी ती पिल्लं वाढवली आणि पुढे हारवनला उबवणी केंद्र उभं राहिलं. तिथून मासे वरच्या नाल्यांत आणि तळ्यांत सोडले गेले. उत्तराखंडचं दोडीताल, हिमाचलच्या तीर्थन आणि बास्पा नद्या, निलगिरी, मुन्नार अशा ठिकाणीही ट्राउट आहे तो माणसाने आणून सोडला म्हणूनच.

पण सोडला म्हणजे टिकला असं नाही. ट्राउट तळ्याच्या गाळात अंडी घालत नाही. मादीला वाहतं पाणी आणि सुपारीएवढी खडी लागते. शेपटीने ती खडी उकरते, अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. पाणी त्या फटींतून खेळत राहिलं तरच अंडी जगतात. तपकिरी ट्राउटच्या अंड्यांचा हिशोब मोठा मजेशीर आहे: पाण्याचं तापमान आणि दिवस यांचा गुणाकार ४०० च्या थोडा पुढे गेला की पिल्लू बाहेर येतं. म्हणजे १० अंशांना सुमारे सव्वा महिना ते दीड महिना, ५ अंशांना जवळपास तीन महिने. म्हणून तळ्यात येणारा किंवा तळ्यातून जाणारा खडीचा ओहोळ नकाशावर दिसतो का, हे बघावं लागतं. ओहोळ नसेल तर सोडलेली पिढी म्हातारी होऊन संपते. उलट खडी फारच चांगली असेल तर पैदास इतकी होते की अन्न पुरत नाही, आणि तळं मोठ्या डोक्याच्या, किडकिडीत, वीतभर माशांनी भरून जातं. मोठा मासा हवा असेल तर खडी बेताची असलेलं तळं शोधावं, असं जाणकार म्हणतात ते यामुळे.

आता प्रत्यक्ष काठावर. नागपूरच्या फुटाळा तलावावरच्या गरीवाल्याची कणकेची गोळी वासावर चालते. रोहू गढूळ पाण्यातही तिच्यापर्यंत येतो, आणि भाऊ निवांत बसून राहतो. वरच्या तळ्यात पाणी काचेसारखं आणि ट्राउट डोळ्यांवर जगणारा. त्याला वरचं जग कसं दिसतं? पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे पाण्याबाहेरचं सगळं त्याला ९७ अंशांच्या कोनाच्या एका गोल खिडकीत कोंबलेलं दिसतं. मासा एक मीटर खोल असेल तर पृष्ठभागावर ही खिडकी सव्वादोन मीटर रुंद असते. तिच्या पलीकडे पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात तळाचे दगड दिसतात. क्षितिजापासून १० अंशांच्या आत असलेली वस्तू खिडकीच्या कडेला इतकी चपटी आणि अंधूक होते की माशाच्या सहसा लक्षात येत नाही. हिशोब केला तर पाण्यालगत उभा असलेला माणूस दहा मीटरच्या आत आला की दिसायला लागतो. तोच उकिडवा बसला तर पाच मीटरपर्यंत खपून जातो. भडक टी-शर्ट घालून काठावर उभं राहायचं आणि मासा लागत नाही म्हणून कुरकुरायचं, यात अर्थ नाही.

गळाला लावायचं काय, तर कृत्रिम माशी. उंच तळ्यातल्या ट्राउटचं एक मुख्य अन्न म्हणजे न चावणाऱ्या डासांसारख्या कायरोनोमिड माश्या. त्यांच्या लालभडक अळ्या मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळतात. हा लाल रंग हिमोग्लोबिनचा, कमी ऑक्सिजनच्या चिखलात तगून राहण्यासाठी. त्यांचा कोष तळातून संथपणे वर येतो तेव्हा ट्राउट तो टिपतो. म्हणून गरीवाला नखाएवढ्या गळावर काळा-लाल दोरा आणि बारीक तार गुंडाळून तो कोष बनवतो आणि तसाच संथ ओढतो. दुपारी वेगळा खेळ. ऊन तापलं की दरीतून वारा वर चढतो आणि खालच्या कुरणातले मुंगळे, भुंगे, नाकतोडे उडवून आणतो. ते पाण्यावर पडतात आणि वाऱ्याने पलीकडच्या काठाला लागतात. तेव्हा वारा तोंडावर आला तरी त्याच काठावर उभं राहायचं.

इथे आनंदाला जरा लगाम घालावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात पिवळ्या पायांचा एक डोंगरी बेडूक आहे. थंडीमुळे त्याच्या पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लांना मोठं व्हायला दोन ते चार वर्षं लागतात, म्हणजे त्यांनाही हिवाळ्यात तळापर्यंत न गोठणारं खोल तळंच हवं. तिथेच ट्राउट सोडले गेले आणि बेडूक झपाट्याने घटले; पुढे बुरशीच्या रोगाने उरलेल्यांवर घाला घातला. काही तळ्यांतून जाळी लावून ट्राउट काढून टाकल्यावर बेडूक पुन्हा वाढले, हेही तिथे दिसून आलं आहे. हिमालयात असेला नावाचा देशी मासा आहे. त्याला हिमट्राउट म्हणतात, पण कूळ रोहू-कतल्याचं. तपकिरी ट्राउट त्याच्या अन्नात वाटेकरी होतो आणि त्याची पिल्लंही खातो. त्यामुळे ज्या तळ्यात आज मासा नाही तिथे हौसेने नेऊन सोडणं मला तरी पटत नाही.

धरलेला मासा सोडून देणार असाल तर झटापट लवकर संपवा. सातच मिलिग्रॅम ऑक्सिजनच्या पाण्यात दमलेल्या माशाला सावरायला वेळ लागतो. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. गळ बिनकाट्याचा, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेला असावा. मत्स्य विभागाचा परवाना काश्मीर आणि हिमाचल दोन्हीकडे लागतो, आणि हिमाचलच्या ट्राउट नद्यांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते, कारण तेव्हा अंडी खडीत असतात.