सोळाशे तास कुठे जातात? सायकियाट्रिक नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण

इंदूरच्या मराठी घरातली मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली, वर्षभर नोकरी केली आणि म्हणाली की मला सायकियाट्रिक नर्सिंगमध्ये, म्हणजे मनोविकार परिचर्येत, एम.एस्सी. करायचंय, तर घरचे दोन गोष्टी विचारतात. वेड्यांच्या दवाखान्यात तुझं काय काम? आणि एवढं शिकून पुढे काय, कॉलेजात शिकवायचंच ना? पहिला प्रश्न अज्ञानातून येतो. दुसरा मात्र नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवतो. आपल्याकडे या पदवीतून प्राध्यापिका घडतात, रुग्णाची तपासणी करून उपचारांचा निर्णय घेणारी परिचारिका क्वचितच घडते. अमेरिकेत याच टप्प्यावरच्या शिक्षणातून सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर तयार होते. ती निदान करते, औषधं लिहून देते, समुपदेशनाची सत्रं घेते, आणि तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत हे सगळं डॉक्टरच्या सहीशिवाय करू शकते.

एवढा फरक कशाने पडतो? प्रात्यक्षिकाचे तास कमी पडत असतील, असं आधी मनात येतं. पण हिशेब उलटा निघतो. नर्सिंग शिक्षणाची मानकं ठरवणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या दोन वर्षांच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमात विशेष विषयाच्या प्रात्यक्षिकाला पहिल्या वर्षी ६५० आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास आहेत, म्हणजे एकूण १६००. अमेरिकेत प्रमाणपत्र परीक्षेला बसायला किमान ५०० तास लागतात. २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानकांनी अभ्यासक्रमांसाठी किमान ७५० तास ठरवले. डॉक्टरेट पातळीच्या पदवीला बी.एस्सी.नंतरचे एकूण १००० तास धरतात. कागदावर आपली विद्यार्थिनी कितीतरी पुढे आहे.

त्या तासांत निर्णय कोणाचा असतो, इथे सगळी मेख आहे. आपल्याकडची विद्यार्थिनी राउंडला मागे उभी राहते, केस स्टडी लिहिते, आरोग्य-शिक्षणाचा तक्ता रंगवते, ज्युनिअर मुलींवर देखरेख करते. तिकडची विद्यार्थिनी प्रिसेप्टरसमोर, म्हणजे तिला कामावरच शिकवणाऱ्या अनुभवी व्यावसायिकासमोर, रुग्णाची पूर्ण मुलाखत घेते, निदान काय आणि कोणतं नाही हे मांडते, औषध आणि मात्रा सुचवते, आणि मग प्रिसेप्टर तिला प्रत्येक ‘का’ विचारतो. शिवाय तिला तीन विषय स्वतंत्र, पूर्ण पेपर म्हणून पार करावे लागतात: प्रगत शारीरिक तपासणी, प्रगत पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीराचं कार्य कसं बिघडतं त्याचं शास्त्र) आणि प्रगत औषधशास्त्र. आपल्या एम.एस्सी.त नर्सिंग एज्युकेशन, रिसर्च आणि मॅनेजमेंट हे स्वतंत्र पेपर आहेत, औषधशास्त्र विशेष विषयाच्या पोटात विरघळून जातं. अभ्यासक्रमाच्या रचनेतच शिक्षिका बसलेली आहे.

या शाखेचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं ते मात्र रुग्णाशी होणाऱ्या बोलण्यातून. हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचार असल्याचं मांडलं आणि पुढे रटगर्स विद्यापीठात मनोविकार परिचर्येचा पहिला पदव्युत्तर क्लिनिकल अभ्यासक्रम उभा केला. त्या परंपरेतलं एक साधन आपल्याही अभ्यासक्रमात आहे, प्रोसेस रेकॉर्डिंग. ते नीट केलं तर दोन वर्षांत त्याइतकं दुसरं काहीही शिकवत नाही. बहुतेक ठिकाणी मात्र ते फाइल भरण्यापुरतं उरलंय, याचं वाईट वाटतं.

पद्धत साधी आहे. पंधरा-वीस मिनिटांचं संभाषण करायचं, उठल्याबरोबर शब्दशः लिहून काढायचं. रकाने चार: रुग्ण काय बोलला आणि कसा बसला होता, मी काय म्हटलं, त्या क्षणी मला काय वाटलं, आणि याऐवजी काय म्हणता आलं असतं. समजा एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, ओपीडीत साठीच्या एक काकू आल्यात. तक्रार डोकं जड होण्याची, छातीत धडधडण्याची.

‘‘सिस्टर, रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. मग डोळा लागत नाही.’’

‘‘काळजी करू नका काकू, औषधाने सगळं ठीक होईल.’’

इथे संभाषण संपलं. काकू मान हलवतात आणि पदर सावरत उठतात. तिसऱ्या रकान्यात विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे लिहिलं तर ते असं असेल: मला पुढे काय विचारावं सुचेना, म्हणून धीर दिला. तो धीर काकूंसाठी नव्हता, स्वतःची अडचण झाकायला होता. चौथ्या रकान्यात येतं: ‘‘जाग आल्यावर काय करता, काकू?’’ यावर उत्तर येऊ शकतं, ‘‘काय करणार. पडून राहते. वाटतं, सकाळ होऊच नये.’’ आता मागे फिरायचं नाही. ‘‘सकाळ होऊ नये म्हणजे जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावा असं मनात येतं का?’’ आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांनी वारंवार दाखवलंय. त्यापुढचे प्रश्न ठरलेले: काही ठरवलंय का, घरात कीटकनाशक किंवा झोपेच्या गोळ्या आहेत का, आधी कधी प्रयत्न केला होता का, रात्री सोबत कोण असतं.

नैराश्य तपासणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या फॉर्मबाबतही पुढचं न विचारण्याची हीच चूक होते. एकूण गुण ० ते २७, १० किंवा अधिक असतील तर नैराश्याची सविस्तर तपासणी करायची, एवढं पाठ असतं. पण नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. एकूण ६ गुण असले आणि नवव्याला १ मिळाला, तरी त्या रुग्णाला तसंच घरी पाठवायचं नसतं.

रेकॉर्डिंग बिघडतं ते रात्री हॉस्टेलवर आठवून लिहिल्यामुळे. तोवर स्वतःची वाक्यं सुधारलेली असतात आणि रुग्ण पुस्तकातल्यासारखा बोलायला लागतो. अशी वही तपासून सही करणाऱ्या मॅडमपेक्षा, ‘‘इथे तू खरंच हे म्हणालीस?’’ असं विचारणाऱ्या मॅडम लाख मोलाच्या.

आता औषधांकडे. औषधशास्त्राचा वेगळा पेपर का हवा, हे लिथियमवरून कळतं. बायपोलर आजारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतात त्यात, हे औषध फार मोलाचं, पण उपयुक्त पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं. देखभालीच्या काळात रक्तातली पातळी लिटरला ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट ठेवतात, तीव्र उन्मादात १.२ पर्यंत जाऊ देतात, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. शरीरात मीठ-पाणी कमी झालं की ते सोडियम राखून धरतं, आणि त्याबरोबर लिथियमही राखून धरतं. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला, घामाच्या धारा, त्यात जुलाब लागलेले. किंवा बीपीसाठी मीठ एकदम तोडलेलं. किंवा गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली आयबुप्रोफेनची गोळी. गोळ्या तेवढ्याच घेऊनही पातळी चढते. हात जोरात थरथरतात, चाल लटपटते, जीभ जड होते, उलट्या होतात. घरच्यांना वाटतं ऊन लागलं. अशा वेळी लिथियमची पुढची गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून पातळी तपासायची.

तपासणीतही दोन खड्डे आहेत. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी काढायचं. गोळी घेऊन चार तासांत काढलं तर आकडा उगाच मोठा येतो. आणि हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं लिथियम हेपॅरिन असू शकतं. तीच नळी वापरली तर रुग्णाच्या रक्तात नसलेलं लिथियम रिपोर्टात दिसतं, आणि चांगलं चाललेलं औषध भलत्याच भीतीने बंद होतं.

स्किझोफ्रेनिया इतर औषधांना दाद देत नाही तेव्हा दिल्या जाणाऱ्या क्लोझापिनचं आणखी निराळं. सुरुवात १२.५ मिलिग्रॅमने, मग हळूहळू वाढ, सोबत पांढऱ्या पेशींची नियमित मोजणी. बिडीचा धूर यकृतातलं एक विकर (एन्झाइम) वाढवतो आणि औषध लवकर नष्ट होतं. वॉर्डात भरती झाल्यावर बिडी सुटली की त्याच मात्रेवर पातळी चढू लागते, रुग्ण गुंगतो, लाळ गळते, बद्धकोष्ठ वाढतो. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नव्हे, म्हणून निकोटिन गम देऊन काही फरक पडत नाही. आणि ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ पासूनच सुरुवात. जुनी मात्रा एकदम दिली तर रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. हे सगळं आधी परिचारिकेच्याच नजरेस पडतं, कारण गोळी ती देते आणि बिडी सुटल्याचंही तिलाच माहीत असतं.

कायद्याचं बोलायचं तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. एकांत कोठडी आणि साखळदंड निषिद्ध. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचा शॉक देता येत नाही. रुग्णाला बांधायचं तर तत्काळ धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण आणि वेळ नोंदवून. तिथपर्यंत चांगलं. पण याच कायद्याच्या व्याख्येत जनरल नर्सिंगची पदविका घेतलेली आणि मनोविकार परिचर्येतली पदवी घेतलेली, दोघी सारख्याच ‘मेंटल हेल्थ नर्स’. जादा शिक्षणाला जादा अधिकार जोडलेला नाही. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा, रेसिडेन्सीच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम कौन्सिलने आणला आहेच. विद्यार्थिनीने वॉर्डातच राहून निर्णय घेत शिकायचं, ही त्याची रीत मनोविकार परिचर्येला तर जास्तच लागू पडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह बारा राज्यं होती. दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. एवढ्या लोकांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ नजीकच्या काळात तयार होणार नाहीत.

अमेरिकेची वाट धरायची असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. इथली एम.एस्सी. तिथल्या प्रमाणपत्र परीक्षेला चालत नाही. आधी एनसीएलईएक्स ही तिथली परवाना परीक्षा देऊन नोंदणीकृत परिचारिका व्हायचं, मग तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतून हाच अभ्यासक्रम करायचा, आणि त्यानंतर १७५ प्रश्नांची साडेतीन तासांची परीक्षा. प्रमाणपत्राचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण.

इथेच शिकायचं तर प्रवेशाला बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला किमान ५५ टक्के, नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव हवा. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआय चौकशी झाली आहे, त्यामुळे कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. मान्यता या सत्राची आहे का, आणि ती मनोविकार परिचर्येच्या जागांची आहे का, हे मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मूळ यादीत बघा. मग विचारा: प्रात्यक्षिक कुठे होतं? इंदुरातल्या बाणगंगेच्या मानसिक चिकित्सालयात की एमवायच्या मनोविकार विभागात, आठवड्यातून किती दिवस, आणि त्या वेळी सोबत शिक्षिका असते का? व्यसनमुक्ती, बालमानसोपचार आणि समाजातल्या भेटी यांची पाळी स्वतंत्र लागते की सगळे तास एकाच वॉर्डात उरकतात?

शेवटी दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीचं लॉगबुक मागून घ्या. त्यात प्रत्येक कामापुढे ‘ऑब्झर्व्ह्ड’ आणि ‘परफॉर्म्ड’ असे रकाने असतात का, ते बघा. मानसिक स्थितीची तपासणी, आत्महत्येच्या धोक्याचं मूल्यमापन, कुटुंबाची मुलाखत, गटसत्र, या ओळींवर बोट ठेवून दोन्ही रकान्यांतल्या सह्या मोजा. पहिल्यात गर्दी आणि दुसऱ्यात जागाच जागा दिसली, तर फी भरण्याआधी आणखी एक कॉलेज पाहून या.